स्कूटी नको, सायकलच द्या

"मुलगी कितवीला आहे मॅडम?" आज सायकलच्या दुकानात मला विचारलेला पहिला प्रश्न. माझ्यासाठी हवीय म्हटल्यावर, "मग स्कूटीच घ्या की!" माणूस वाईट नाही, पण डोकं सणकलं ते अजून शांत नाही. बारावीपर्यंत पोरीनं सायकल चालवलेली चालते. लग्नानंतर काय होतं?

आमची आई सोलापुरात साखर पेठेत विड्या वळायची. वळलेल्या विड्या टोपलीत घालून भर उन्हात पायी विडी कंपनीच्या ब्रँचला द्यायला जायची. बाबा लूमवर रात्रपाळीला, म्हणजे त्यांची काळी सायकल दिवसभर दारात उभी. सायकल दारात आणि आई रस्त्यावर पायी! तिला कुणी अडवलं नव्हतं हो. कुणाच्या मनातच आलं नाही.

साधारण त्याच काळात, 1990 नंतर, तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या. हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर जेन्ट्स घेतल्या, उलट दांड्यावर पोराला बसवता येतं म्हणून कित्येकींना त्याच आवडल्या. पाणी आणायचं, माल विकायला न्यायचा, बसची वाट बघणं बंद. बाबांची सायकलही दांड्याचीच होती.

आपल्याकडे काय, तर 8 मार्चला रॅली, एकसारखे टी-शर्ट, फोटो. दुसऱ्या दिवशी सायकल जिन्याखाली. मला ती हौसेची सायकल नकोय. भाकरी करायला चार घरं फिरणारीला, विड्या टाकायला जाणारीला, भाजी आणणारीला हवीय. पेट्रोल नाही, लायसन नाही, कुणाला सोड म्हणायला नको. आणि सोलापुरात चढ तरी कुठे आहेत एवढे?

मेमध्ये पारा 43 वर जातो, मान्य. शहरातून जाणाऱ्या ट्रकची भीतीही खोटी नाही, जड वाहनं बाहेरून काढलीच पाहिजेत. पण त्याच उन्हात, त्याच रस्त्यानं आई टोपली घेऊन चालत होतीच की.

मागे एकदा तिला विचारलं, तुला वाटायचं का गं चालवावी? म्हणाली, "वाटून काय, शिकवलं कुणी?" मला पुढे बोलताच आलं नाही.

तर मैत्रिणींनो, लेकीची जुनी सायकल घरात गंजत असेल तर मला मेसेज करा. ट्यूब, ब्रेक, सीट मी करून घेते. रविवारी सकाळी शिकायला या. साडी असली तरी या, मागून धरायला मी आहे.