‘ए मोर्त’चं इंग्रजी ‘हॅज डाइड’ का होत नाही

फ्रेंच शिकणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. आल्बेर कामूच्या ‘लेत्रांजे’ (१९४२) या कादंबरीचं पहिलं वाक्य आहे: ‘ओजुर्दुई, ममाँ ए मोर्त.’ म्हणजे ‘आज आई वारली.’ दावा असा, की यातलं ‘ए’ वर्तमानकाळी आहे, म्हणून इंग्रजीत ‘इज डेड’ किंवा निदान ‘हॅज डाइड’ हवं. ‘डाइड’ लिहिणारे सगळे इंग्रजी अनुवादक काळ चुकले. जोडीला आणखी दोन आरोप: ‘ममाँ’ तसंच ठेवणं हा आळस, आणि ‘टुडे’ शेवटी नेल्याने वाक्य बिघडलं.

काळाचा आरोप साफ चुकीचा आहे. तो आपल्याला चटकन पटतो, कारण ‘ए मोर्त’ची घडण ‘वारली आहे’सारखीच आहे: सहायक क्रियापद वर्तमानकाळी, मुख्य रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदललेलं. पण बोलीभाषेतल्या फ्रेंचमध्ये घडून गेलेली कोणतीही गोष्ट याच रूपात, पासे कोंपोझेत, सांगतात. मग ती आज घडलेली असो की दहा वर्षांपूर्वी.

‘ए मोर्त’चा ‘मृत आहे’ असाही अर्थ होतो, हे खरं. तो इथे का बसत नाही, ते पुढचंच वाक्य सांगतं: किंवा कदाचित काल, मला माहीत नाही. ‘काल’ हा शब्द घडून गेलेल्या घटनेला लागतो, आत्ताच्या अवस्थेला नाही. शिवाय ‘हॅज डाइड’सोबत इंग्रजीत ‘यस्टरडे’ चालतच नाही. मराठीत ‘तो कालच आलाय’ आपण सहज म्हणतो, फ्रेंचमध्येही तसं चालतं. इंग्रजीत ‘ही हॅज कम यस्टरडे’ चूक ठरतं. पहिल्या वाक्यात ‘हॅज डाइड’ घातलं की दुसरं वाक्य लटकतं. ही अडचण दावा करणाऱ्यांनी कुठेच सोडवलेली नाही.

त्यांच्या बाजूने एक चांगला मुद्दा निघू शकतो, तो मात्र ते मांडत नाहीत. पुढच्याच परिच्छेदात कादंबरीचा नायक-निवेदक मर्सो म्हणतो, की दोनची बस पकडेन, दुपारी पोहोचेन. हा भविष्यकाळ आहे, म्हणजे तो त्याच दिवशी उभा राहून बोलतोय. पण तरीही ‘काल’ची अडचण सुटत नाही.

खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी आहे. फ्रेंच कादंबरीचा रूढ भूतकाळ म्हणजे पासे सँप्ल. कामूने तो जवळजवळ टाळून बोलण्यातला काळ निवडला. फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ सार्त्रने १९४३च्या लेखात नेमकं यावर बोट ठेवलं: या कादंबरीतलं प्रत्येक वाक्य एकेक बेट आहे. इंग्रजीत दोन्ही भूतकाळ एकाच साध्या रूपात येतात, त्यामुळे हा फरक क्रियापदात दिसूच शकत नाही. तो छोट्या, सुट्या वाक्यांतून सांभाळावा लागतो. अनुवादकाला धारेवर धरायचंच, तर मोठी कसोटी ही आहे.

‘ममाँ’ ठेवणं आळस नव्हे. १९४६मध्ये इंग्रजी अनुवादक स्टुअर्ट गिल्बर्टने ‘मदर’ लिहिलं, ते थंड वाटतं. ‘मॉमी’ लिहावं तर मोठा माणूस पोरासारखा बोलू लागतो. मराठीत ‘आई’ एकाच वेळी जवळचा आणि मोठ्या माणसाच्या तोंडी शोभणारा शब्द आहे, म्हणून ही कोंडी आपल्याला जाणवत नाही. मॅथ्यू वॉर्डने १९८८मध्ये ‘ममाँ’ तसंच ठेवलं, सँड्रा स्मिथने २०१२मध्ये ‘माय मदर’ केलं. मला वॉर्डचा निर्णय पटतो. पुढे मृत्यू कळवणाऱ्या तारेत ‘मेर’ (आई) हा कोरडा, औपचारिक शब्द येतो. आधी ‘ममाँ’ असेल तरच इंग्रजी वाचकाला त्या दोहोंतलं अंतर कळतं.

तिसऱ्या आरोपात तथ्य आहे. या तिघांनीही ‘टुडे’ शेवटी टाकलं. त्याचा एक फायदा झाला: ‘ऑर यस्टरडे’ त्याला लगेच चिकटतं. पण मूळ वाक्य ‘आज’ने सुरू होतं, आणि मर्सो लगेच दुरुस्त करतो तीही तीच खात्री. मृत्यूची बातमी ‘आज’नंतर येते. इंग्रजीत ‘टुडे’ सुरुवातीला घेणं व्याकरणाला मुळीच जड जात नाही. मी ते पुढेच ठेवलं असतं, आणि क्रियापद ‘डाइड’च.