शेजारी बुटकाच असेल तर?

कापसाच्या वाणांच्या चाचणीत प्लॉटची, म्हणजे प्रत्येक वाणाच्या छोट्या तुकड्याची, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली की शेजारच्या प्लॉटचा परिणाम आपोआप निघून जातो, हे तुमच्या चाचणीवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. उंच, पसरट वाणाची पऱ्हाटी (कपाशीचं झाड) कुठेही लावा, तिचा शेजारी बहुतेक वेळा तिच्यापेक्षा बुटकाच निघणार. प्रत्येक पुनरावृत्तीत, म्हणजे तीच वाणं पुन्हा लावलेल्या प्रत्येक संचात, ती त्याचा उजेड आणि जमिनीतली ओल खाणार. म्हणजे ही चूक सरासरीत जिरत नाही, एकाच बाजूला साचते. शेतकरी तर अख्खं वावर एकाच वाणाचं लावतो, तिथे शेजाऱ्याकडून ओढलेलं हे जास्तीचं उत्पादन येणार कुठून? उलट दाट लागवडीत चांगलं उतरलं असतं असं आटोपशीर वाण चाचणीतच मागे पडतं.

आमच्या नागपूरकडे मी पाहिलेले बरेच प्लॉट चार ओळींचे. कडेच्या दोन ओळी सोडून मधल्याच वेचल्या तर आकड्याला अर्थ आहे. पण वेचणीला माणसं मिळत नाहीत आणि चारही ओळींचा कापूस एकाच गाठोड्यात जातो! वाटेलगतच्या झाडांना मोकळी जागा मिळून बोंडं जास्त लागतात, तीही त्यातच. लेखातल्या तक्त्यात वजन नेमकं किती ओळींचं आहे, ते कृपया सांगा.