सहकुटुंब, सहपरिवार नाओशिमा

कलेचा आस्वाद एकट्याने घ्यावा असे ज्या कोणी म्हटले असेल, त्याला नक्कीच मोठे कुटुंब असणार. सासू, सासरे, नवरा, वास्तुकला शिकणारी मुलगी आणि कशातच रस नसलेला बारा वर्षांचा मुलगा एवढा लवाजमा घेऊन जपानमधल्या नाओशिमा बेटावर जाऊन आल्यापासून माझे तरी हे ठाम मत झाले आहे. सेतो अंतर्देशीय समुद्रातले हे बेट कागावा प्रांतात येते आणि तिथली वस्ती जेमतेम तीन हजारांची आहे. उत्तर टोकाला 1917 पासून तांबे गाळण्याचा कारखाना आहे, तर दक्षिणेला 1992 मध्ये वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी बांधलेले बेनेसे हाउस हे संग्रहालय-कम-हॉटेल उभे राहिले आणि त्यापाठोपाठ एकामागून एक संग्रहालये आली. जगभरातले लोक दक्षिणेचे टोक पाहायला येतात. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या सासऱ्यांना उत्तरेचा कारखाना पाहायचा होता.

या सहलीचे मूळ अर्थातच आमची कन्या. आंदो हे तिचे दैवत. कोणत्याही महाविद्यालयात न जाता स्वतःच्या बळावर वास्तुकला शिकलेला, तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेला हा माणूस तिच्या खोलीच्या भिंतीवर कधीपासून मुक्कामाला आहे. तिने हट्ट धरला, नवऱ्याने वेळापत्रक आखले आणि सासूबाईंनी दशम्या लाटल्या. वेळापत्रकाचे म्हणाल तर नाओशिमावर त्याखेरीज पान हलत नाही. बोटीची वेळ ठरलेली, बसची ठरलेली, भूमिगत संग्रहालयाचे तिकीट आधी काढलेल्या ठरावीक वेळेचे, आणि दुपारचे जेवण वाढणाऱ्या छोट्या खानावळी आपल्याला भूक लागायच्या सुमारास पाटी उलटी करणाऱ्या. त्यातून सोमवारी बहुतेक सगळे बंदच. आमच्याकडे सकाळचा चहा कधी व्हावा यावर एकमत व्हायला साडेनऊ वाजतात.

ताकामात्सु शहरातून निघालेली बोट पन्नास मिनिटांत मियानौरा बंदराला लागते आणि उतरल्या उतरल्या जपानी कलाकार यायोई कुसामा यांचा काळ्या ठिपक्यांचा प्रचंड लाल भोपळा समोर येतो. 2006 मध्ये मांडलेल्या या भोपळ्याला भोके आहेत आणि आत शिरता येते. मुलाने आत जाऊन एक फोटो काढून घेतला आणि तो मोकळा झाला. पण मग सासूबाई स्वतःहून आत शिरल्या आणि सावली बघून तिथेच विसावल्या. बाहेर आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. मराठी माणसाच्या मनात अशा वेळी कोणते वाक्य येते हे सांगायला नको. पण ते घरातल्या सुनेने मोठ्याने उच्चारायचे नसते, एवढा पोच मला आहे. शेवटी आतूनच आवाज आला, “अगं, कुणीतरी टुणूक म्हणा, म्हणजे निघते.”

दक्षिणेच्या धक्क्यावर कुसामांचाच 1994 सालचा पिवळा भोपळा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये वादळाने तो समुद्रात ओढून नेला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये नवा करून तिथेच पुन्हा बसवला. कुसामांच्या घरचा धंदा बीबियाण्यांचा, त्यामुळे भोपळ्याशी त्यांचा घरोबा लहानपणापासूनचा, असे मुलगी भक्तिभावाने सांगत होती. सासूबाईंनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढ्या भोपळ्याचे घारगे किती होतील याचा अंदाज वर्तवला.

खरी परीक्षा चिचू संग्रहालयात होती. 2004 मध्ये उघडलेली ही इमारत निसर्गदृश्य बिघडू नये म्हणून जवळजवळ सगळी जमिनीखाली बांधलेली आहे, आणि आतल्या चित्रांवर प्रकाश पडतो तो मात्र वरून येणाऱ्या उन्हाचा. करड्या, गुळगुळीत, उघड्या काँक्रीटच्या भिंतींमधून मुलगी देवळात चालावे तशी चालत होती. सासऱ्यांनी भिंतीवर ओळीने असलेली साच्याची गोल भोके नीट निरखली. “प्लास्टर राहिलंय,” ते म्हणाले. “पैसे संपले असतील हो, बिल्डरांचं असंच असतं,” सासूबाईंनी सहानुभूती दाखवली. मुलीने डोळे मिटून घेतले. आत फोटो काढायला मनाई असल्यामुळे मुलाला आपल्या हातांचे काय करायचे हेच कळेनासे झाले होते.

फ्रेंच चित्रकार मोनेच्या दालनाशी बूट काढून सपाता घालाव्या लागतात. सासूबाईंनी सहलीसाठी म्हणून साडीवर स्पोर्ट्स शूज घेतले होते आणि वाटेत सुटू नयेत म्हणून माझ्या नवऱ्याने सकाळी त्यांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारली होती. आता तो त्या पवित्र शांततेत गुडघे टेकून नखांनी गाठ सोडवत होता, सासूबाई माझ्या खांद्यावर भार टाकून एका पायावर उभ्या होत्या आणि मागे रांगेत जगभरातले कलारसिक अत्यंत सभ्यपणे छताकडे पाहत होते. एक नाडी सुटली. दुसऱ्या पायाची गाठ ओढाताणीत आणखी आवळली. तेव्हा सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून पाय असा काही उपसला, की बूट गाठीसकट नवऱ्याच्या हातात राहिला आणि तिथल्या सेविकेने कमरेत वाकून, जणू हेच नेहमीचे, अशा चेहऱ्याने त्यांच्यापुढे सपाता ठेवल्या.

आत मात्र सासूबाईंनी सगळ्यांवर मात केली. तिथे मोनेची पाण्यातल्या कमळांची पाच चित्रे आहेत आणि जमिनीवर संगमरवराचे इवलेसे चौकोनी तुकडे बसवलेले आहेत. सासूबाई सगळ्यात मोठ्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, एकदा जवळ गेल्या, एकदा मागे सरल्या. त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. “याला मोतीबिंदू होता का गं?” त्यांनी नातीला विचारले. “पिकत आला की अस्संच दिसतं. कडा नाहीत, नुसता रंग.” मुलगी अवाक झाली, कारण मोनेला खरोखरच मोतीबिंदू होता, 1912 मध्ये त्याचे निदान झाले, 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ही चित्रे त्या उतारवयातलीच आहेत. कित्येक पुस्तके वाचून आमच्या घरात कोणाला जे सुचले नव्हते, ते सासूबाईंनी अनुभवाच्या जोरावर सांगितले. त्यानंतर दिवसभर त्या प्रत्येक चित्रकाराचे डोळे तपासत होत्या, ही गोष्ट वेगळी.

दुपारी होनमुरा या जुन्या वस्तीत पोहोचलो तेव्हा अपेक्षेप्रमाणे खानावळींच्या पाट्या उलटल्या होत्या. मग बंदरावरच्या, पांढऱ्या बुडबुड्यांचा ढग वाटावा अशा प्रवासी निवाऱ्याखाली बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. हा निवारासुद्धा नामवंत वास्तुरचनाकारांचे काम आहे, हे मुलीने आम्ही खाली सांडल्यावर सांगितले. रस्त्यात कचरापेटी कुठेच नसल्यामुळे रिकाम्या पिशव्या, कागद आणि उरलेला लोणच्याचा तुकडा हे सगळे माझ्या पर्समध्ये जमा होऊन उरलेला दिवस कलाप्रवास करत राहिले.

होनमुऱ्यात 1998 पासून जुनी घरे कलाकारांच्या ताब्यात देण्याचा प्रकल्प सुरू आहे. त्यातल्या पहिल्या घरात, कादोयामध्ये, तात्सुओ मियाजिमा यांनी पाण्याखाली एकशेपंचवीस रंगीत अंक लावले आहेत. ते आपापल्या वेगाने पळत असतात आणि प्रत्येकाचा वेग गावातल्या एकेका रहिवाशाने ठरवलेला आहे. “एकशेपंचवीस ग्राहक, आणि मीटर पाण्याखाली,” सासरे हळहळले. “रीडिंग घेणाऱ्याचे हाल आहेत.” पुढे मिनामिदेरा ही आंदोंनी बांधलेली लाकडी इमारत. आत अमेरिकन कलाकार जेम्स टरेल यांची कलाकृती आहे, म्हणजे ठार अंधार. भिंत चाचपडत जायचे, बाकावर बसायचे आणि वाट पाहायची. पहिली काही मिनिटे डोळ्यात बोट घातले तरी दिसत नाही. कोणी तरी खोकले, सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली, मुलाने माझे म्हणून दुसऱ्याच कोणाचे मनगट घट्ट धरले. मग हळूहळू समोर एक फिकट चौकोन उमटू लागला. तो प्रकाश पहिल्यापासून तिथे असतोच, फक्त आपल्या डोळ्यांना सवय व्हावी लागते, असे मार्गदर्शक बाईंनी सांगितले. बाहेर आल्यावर सासरे उन्हात डोळे किलकिले करत म्हणाले, “इथे तिकीट काढून बसतात. आम्ही हेच रोज सहा तास करत होतो, तर लोक मोर्चा घेऊन यायचे.”

जेवणाचा खरा योग दुसऱ्या दिवशी सकाळी ताकामात्सुला आला. कागावा म्हणजे सानुकी उडोनचा मुलूख. उडोन म्हणजे गव्हाच्या जाडजूड, चिवट शेवया. स्वतः ट्रे घ्यायचा, लहान की मोठा वाडगा ते सांगायचे, काही दुकानांत शेवया चाळणीत धरून स्वतःच उकळत्या पाण्यात बुडवायच्या आणि मग नळाखाली वाडगा धरून गरम रस भरून घ्यायचा. नळातून रस येतो हे पाहून सासरे इतके हरखले, की त्यांनी तोटी दोनदा उघडून बंद करून पाहिली. हा रस वाळवलेल्या बारीक मासळीचा असतो. सासरे कोकणातले, त्यांना त्याचे सुख होते; माळकरी सासूबाईंना नव्हते. त्यांच्यासाठी मी कोऱ्या शेवया घेतल्या, वर किसलेले आले, कांद्याची पात आणि पर्समधून काढलेली शेंगदाण्याची चटणी. त्यांनी एक घास घेतला, थोडे थांबल्या आणि वाडगा स्वतःकडे ओढून घेतला.

सासऱ्यांचे भाग्य तर त्याहून मोठे. बशीतला चहा असो की आमटी, भुरका मारला म्हणून या माणसाने चाळीस वर्षे बोलणी खाल्ली आहेत. इथे डावीउजवीकडे कोटटाय घातलेले लोक कामावर जाण्याआधी घाईघाईने शेवया ओढत होते आणि प्रत्येकाच्या तोंडून असा काही फुर्र आवाज निघत होता, की सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले. त्यांनी एकदा विजयी नजरेने पत्नीकडे पाहिले आणि सगळा थकलेला हिशेब एका भुरक्यात चुकता केला. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आदराने मान हलवली.

एवढ्यात मुलीने माझ्या कोपराला ढोसले. उडोनच्या कणकेला तो चिवटपणा यावा म्हणून ती पूर्वापार पायांनी तुडवून मळतात, आणि नेमके त्याचेच भले मोठे छायाचित्र सासूबाईंच्या पाठीमागच्या भिंतीवर झळकत होते: कापडाखाली कणीक आणि तिच्यावर मोठ्या आनंदाने नाचणारी दोन पावले. “सूनबाई, आणखी एक वाडगा मिळेल का गं?” असे म्हणत त्या वळणार, एवढ्यात मी उठले, रिकामा ट्रे छातीशी धरला आणि त्यांचा दुसरा वाडगा संपेपर्यंत त्या पावलांना पाठ लावून उभी राहिले.