दोन दिवसांचं काम

"दोनच दिवसांचं काम आहे, साहेब." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं ना, तर त्याची थापी त्याच्याच डोक्यात घालीन! मधली भिंत काढून, बाल्कनी आत घेऊन खोली जरा ऐसपैस करायची होती. राजवाडा नव्हता बांधायचा. आज तिसरा महिना.

कंत्राटदार म्हणे, बाल्कनीच्या कडेला विटांची भिंत चढवू. अरे, एकाच बाजूने धरलेला स्लॅब तो, टोकावर एवढं वजन? "काही होत नाही, साहेब." तुमच्या डोक्यावर पडणार नाही, म्हणून होत नाही! नव्या बीमचं तेच. काँक्रीटची ताकद मोजतात 28 दिवसांनी, हा चौथ्या दिवशी टेकू काढायला हजर. एरवी फोन उचलत नाही हं. मोडायचं असेल तेव्हा मात्र वेळेवर.

आणि क्रम? गवंडी गिलावा करून गेला की इलेक्ट्रिशियन येतो, त्याच गुळगुळीत भिंतीत छिन्नीने झिऱ्या पाडतो. मग फरशीवाला. त्यानंतर प्लंबरला आठवतं, पाइप खालून न्यायचा राहिला. एकमेकांना विचारायला पाप लागतं का?

जागा वाढवायला निघालो होतो. सध्या चौघं एका खोलीत झोपतो, उशाशी सिमेंटची पोती आणि कपाटाआड कमोड, अजून खोक्यातच. काल विचारलं, कधी संपणार?

"दोनच दिवस, साहेब."