‘हलकी’ कुणाला म्हणायचं? : कोपरखैरणेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

‘राखेच्या मातीवरचं जंगल’ या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली त्याला नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो राग आला म्हणून नव्हे. तुमच्या एका वाक्यापायी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून बसले होते, आणि कळव्यात पावसाळ्यात माती वाळायला किती दिवस लागतात ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘कोपरखैरणेकर, निवृत्त कृषी सहायक’ एवढीच सही आहे. तेव्हा साहेबच म्हणते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका नर्सरीतून मी ‘ज्वालामुखीची माती’ लिहिलेलं पोतं आणलं आणि घरी उघडलं, तर आत डोंगरातला तांबडा मुरूम चाळून भरलेला. त्या चिडीतून लेख झाला : ज्वालामुखीच्या राखेची खरी माती कशी असते, दूरदेशीच्या डोंगरउतारांवरची जंगलं ती कशी पोसते, आणि ती ठाण्याच्या येऊरच्या जंगलात किंवा आमच्या कळव्याजवळच्या पारसिकच्या डोंगरावर का नाही. त्यावर साहेबांचे तीन आक्षेप. “सगळा सह्याद्री ज्वालामुखीतून झाला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, मग येऊरची माती ज्वालामुखीची नाही हे कसं?” दुसरा, “हलकी जमीन भरपूर पाणी धरते हा शोध कुठला? मी तीस वर्षं शेतकऱ्यांना याच्या उलट सांगत आलो.” आणि तिसरा, “जी माती आपल्याकडे नाहीच तिचं कौतुक ठाणेकरांनी कशाला ऐकायचं?”

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे.

तुमच्या भाषेत, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत, हलकी जमीन म्हणजे उथळ, मुरमाड, उताराची. पाऊस थांबला की चार दिवसांत कोरडी. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात जिला वरकस म्हणतात, जिच्यावर नाचणी-वरी घ्यायची, ती. आणि भारी म्हणजे खोल काळी, ओल धरून ठेवणारी. यात ‘हलकी’ हा शब्द तराजूचा नाही, प्रतीचा आहे. मी मात्र तो तराजूचा म्हणून वापरला आणि बिनदिक्कत लिहून गेले की राखेची माती हलकी असते आणि खूप पाणी धरते. तुमच्यासारख्या माणसाने हे वाचून कपाळाला हात लावला तर नवल नाही. वाक्य असं हवं होतं : ही माती वजनाला हलकी आणि ओलीला भारी असते.

आता वजनाला किती हलकी? अँडिसॉल नावाच्या या मातीची मृदाशास्त्राने जी व्याख्या केली आहे, तिच्यात घनतेची अटच आहे : एका घन सेंटीमीटरला ०.९ ग्रॅम किंवा त्याहून कमी. म्हणजे त्या आकाराच्या पाण्यापेक्षाही हलकी! आपली नेहमीची माती १.१ ते १.५ च्या घरात असते.

तुमचा नुसत्या आकड्यांवर विश्वास बसणार नाही असं वाटलं, म्हणून डबा घेतला. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा, पाण्याने भरून मापला तर ४८० मिलिलिटर. एक माती आमच्या इमारतीमागच्या संरक्षक भिंतीपाशी डोंगरावरून घसरून आलेली. दुसरी माझ्या धाकट्या दिराची. तो बोन्साय करतो आणि त्यासाठी अकादामा नावाची जपानी माती जिवापाड जपतो. अकादामा म्हणजे जपानच्या कांतो भागातल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरातून खणलेली, दाणेदार, तांबूस माती. त्याने डबाभर दिली, पण आधी तीनदा विचारलं, “परत देणार ना वहिनी?” दोन्ही वाळवल्या, डबा शिगोशीग भरला. आमच्या डोंगराची माती भरली ६५० ग्रॅम. अकादामा ३१०. मग दोन्ही रात्रभर भिजत घातल्या, सकाळी गाळणीवर निथळल्या, पुन्हा तोलल्या. डोंगराच्या मातीने १४० ग्रॅम पाणी ठेवलं, अकादामाने २००. म्हणजे निम्म्याहून कमी वजनाच्या मातीने जवळपास दीडपट पाणी धरलं. आता हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे. आमच्या मातीत मुरमाचे खडे होते आणि अकादामा दाणेदार असल्यामुळे दाण्यांमध्ये पोकळी राहते, हे मला मान्य. पण दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्या : राखेची माती एकदा पूर्ण वाळली की पुन्हा पहिल्याइतकं पाणी घेत नाही. पोत्यातून आलेल्या वाळक्या दाण्यांनी एवढं धरलं, तर जागेवरची, कधीच न वाळलेली माती किती धरत असेल!

भिजलेला एक दाणा मी बोटांत चिरडला. आधी घट्ट लागला, मग एकदम विरघळल्यासारखा झाला आणि बोटं बुळबुळीत झाली. आपली काळी माती चिकटते, ओढली तर ताणते. ही चिकटत नाही, निसटते.

कारण आत दडलंय. इथे माझा दुसरा फसवा शब्द येतो : राख. राख म्हटलं की आपल्याला चूल आठवते, नाहीतर भाताच्या रोपासाठी भाजलेला राब. तुम्हीही लिहिलंत की “राख म्हणजे पालाश (पोटॅशियम), ती घातली तर पीक येणारच.” पण ज्वालामुखीची राख कशाच्या जळण्यातून होत नाही. उद्रेकात शिलारस फुटून उडतो, हवेत झटक्यात थंड होतो, आणि दोन मिलिमीटरहून बारीक कणांचा जो चुरा पडतो ती ही राख. त्यात बरीचशी असते काच, अक्षरशः काच. ही काच पाण्यात लवकर झिजते आणि तिच्यातून सुटलेलं ॲल्युमिनियम आणि सिलिका घाईघाईने जे रूप घेतात ते धड स्फटिक नसतं. ॲलोफेन हे त्यातलं मुख्य. त्याचा एकेक कण म्हणजे पोकळ गोळी, मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार-पाच भाग एवढी. दुसरं इमोगोलाइट, पोकळ नळ्यांचं. ते १९६२ साली जपानमध्ये ओळखलं गेलं, आणि तिथल्या एका मातीला स्थानिक लोक ‘इमोगो’ म्हणत त्यावरून त्याचं नाव पडलं. अशा अब्जावधी पोकळ गोळ्या-नळ्या जिच्यात आहेत ती माती वजनाला हलकी आणि पाण्याने टम्म असणारच. जपानी शेतकरी या काळ्या, भुसभुशीत मातीला कुरोबोकु म्हणतात. कुरो म्हणजे काळी, आणि बोकु हा तिच्यावरून चालताना पायाखाली जे जाणवतं त्याचा शब्द. आपल्याकडे ‘भुसभुशीत’ तसाच आला असावा, असं मला उगाच वाटतं.

मात्र ती पालाशाची खाण नव्हे. उलट, ॲलोफेन स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असं धरून बसतं की पिकाच्या हाती काही लागत नाही. व्याख्येतली दुसरी अटच ही आहे की मातीने दिलेल्या स्फुरदापैकी ८५ टक्के किंवा अधिक अडवून धरावं. जंगलातली झाडं मुळांवरच्या बुरशीच्या मदतीने निभावतात, शेतकऱ्याला मात्र भरपूर स्फुरद ओतावं लागतं. मूळ लेखात मी सरसकट ‘सुपीक’ लिहिलं, ते तुम्ही पकडलं नाहीत म्हणून मीच सांगून टाकते.

आता पहिला आक्षेप. शाळेतल्या पोराचं बरोबर आहे. सह्याद्री ज्वालामुखीतूनच झाला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो खडक पसरलेला आहे. पण तो मुख्यतः भेगांतून वाहिलेला लाव्हा, थरावर थर थिजून झालेला बेसाल्ट. मुंब्र्याकडून येताना पारसिकच्या बोगद्याच्या तोंडाशी दिसतो तो काळा कातळ. राख अजिबात नव्हती असं नाही. मुंबई-ठाण्याच्या साष्टी बेटावरच राख आणि खडकांचे तुकडे घट्ट होऊन झालेले थर सापडतात, पण ते कधीच दगड झाले. आणि पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी गावाजवळ तर सुटी राख सापडली आहे. ती इकडची नव्हे, पार इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची मानली जाते. तोबाच्या नेमक्या कुठल्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ती नदीच्या गाळात दबून राहिली म्हणून टिकली. डोंगरउतारावर पडलेली कधीच धुऊन गेली असणार.

शिवाय आपला पाऊस. चार महिने धो धो, आठ महिने ठणठणीत. अशा वाळण्या-भिजण्यात अर्धवट घडलेली खनिजं तशीच राहत नाहीत, हळूहळू नेहमीच्या चिकणमातीच्या खनिजांत बदलतात. बेसाल्ट झिजून येऊरला उतारावर वीतभर तांबूस माती उरते, खाली मुरूम, त्याखाली कातळ. बाप ज्वालामुखी खरा, पण मुलीचं वळण बापावर गेलेलं नाही.

आणि आता माझी सगळ्यात मोठी चूक, जी तुम्ही दाखवली नाहीत पण तुमच्यामुळे सापडली. मी लिहिलं होतं, “भारतात ही माती कुठेच नाही.” उत्तराच्या तयारीत पुन्हा वाचताना निलगिरीवरचं संशोधन समोर आलं. तिथे दोन हजार मीटरच्या वर, थंड आणि दमट हवेत, कुजलेला पालापाचोळा आणि ॲल्युमिनियम यांची अशी काही गाठ बसली आहे की माती या व्याख्येत बसावी अशी झाली आहे : काळी, वजनाला हलकी, स्फुरद अडवणारी. आणि तिथे ज्वालामुखी नाही, राख नाही. म्हणजे ज्वालामुखीच्या सह्याद्रीत ही माती नाही आणि ज्वालामुखी नसलेल्या निलगिरीत तिची जुळी बहीण आहे. हे वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते. ते वाक्य मूळ लेखातून काढलं आहे.

राखेची माती ओळखायची कशी, असंही तुम्ही विचारलंत. शेतावर करायची एक जुनी खूण आहे : सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात चिमूटभर माती घातली की फ्लोराइड मातीतल्या ॲल्युमिनियमला बिलगतं, हायड्रॉक्सिल सुटतं आणि द्रावणाचा सामू (पीएच) ९.४ च्या वर जातो. फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे अल्कता दाखवणारा, कागद लाल होतो. मातीत चुनखडी असेल तर ही खूण फसते. आणि सोडियम फ्लोराइड विषारी आहे, घरी नातवंडांना गंमत म्हणून दाखवू नका.

राहिला तिसरा आक्षेप, ठाणेकरांना काय त्याचं. मला त्या मातीत सगळ्यात जास्त आवडते ती तिची डोंगरावरची गोष्ट. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये माझामा नावाचा पर्वत होता. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी त्याचा स्फोट झाला, डोंगर आत कोसळला आणि तिथे आज ५९४ मीटर खोल क्रेटर लेक आहे. राख वाऱ्याबरोबर कित्येकशे किलोमीटर दूर आयडाहो, मोंटानापर्यंतच्या डोंगरांवर पडली. पडली सगळीकडे, पण राहिली कुठे? उघड्याबोडक्या आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या, उन्हाने वाळणाऱ्या उतारांवरून वाऱ्या-पाण्याने नेली. उत्तरेकडच्या, सावलीच्या, दाट झाडीच्या उतारांवर ती हात-दीड हात जाडीची गोधडी होऊन राहिली. मराठीत हे किती सोपं होतं : राख जंगलाने राखली. आणि मग राखेने जंगल राखलं. तिकडे पाणी पडतं ते बरंचसं हिवाळ्यात बर्फ होऊन, आणि उन्हाळा कोरडा. वितळलेलं पाणी ती गोधडी धरून ठेवते आणि देवदारासारखी सूचिपर्णी झाडं कोरड्या दिवसांत त्याच्यावर जगतात. गोधडी काढली तर खाली दगडगोट्यांची माती, आपल्यासारखीच.

पण या मातीत भार सोसायची ताकद नाही. लाकूडतोडीची जड यंत्रं ओल्या उतारावर फिरली की पोकळ्या दबतात आणि दशकानुदशकं पुन्हा उघडत नाहीत. पाणी मुरायचं थांबतं, वाहायला लागतं. शिवाय राखेचे थर भूकंपात दगा देतात. ६ सप्टेंबर २०१८ ला जपानच्या होक्काइदोमध्ये भूकंप झाला तेव्हा राख आणि प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) यांचे थर असलेले उतार हजारो ठिकाणी घसरले.

आता आपलं. येऊरला गोधडी नाही, चादरसुद्धा नाही, विरलेलं धोतर आहे. म्हणून मार्च-एप्रिलात वणवा लागला, कारवीच्या काटक्या आणि पालापाचोळा जळाला की मला धस्स होतं. त्या वीतभर मातीला पाणी धरायला मदत करणारं तिथे दुसरं आहे काय? अशा उतारावर जुलैत वृक्षारोपणाच्या नावाखाली यंत्राने चर खणून मुरूम उघडा पाडतात, ते पाहिल्यावर तर मी भांडायलाच उठते. तिकडच्या मातीचं कौतुक मी केलं ते इकडचं दुखणं नीट दिसावं म्हणून. लेखात ते उतरलं नसेल, तर तो दोष माझ्या लिहिण्याचा.

एक विनंती. तुम्ही वाडा-जव्हारला होतात असं लिहिलंत. तिथल्या वरकस जमिनींच्या मातीपरीक्षणाचे जुने कागद तुमच्याकडे राहिले असतील तर मला पाहायचे आहेत, विशेषतः स्फुरदाचे आकडे. कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल पकडलीत तर मी स्टेशनवर येईन. दोन्ही डबे घेऊनच येते, हातात धरून बघा. फक्त अकादामा सांडू नका, दिराला परत द्यायची आहे.