लकव्याच्या इंजेक्शनचा तो मेसेज पुढे पाठवू नका

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊ नका, अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांनीच ते नाकारलंय.’

नाकारलेलं नाही. तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ साली या उपचाराची सर्वांत ठाम शिफारस केली होती. अनेक सदस्यांनी पुराव्यावर आक्षेप घेतल्यावर २०१५ मध्ये ती एक पायरी खाली आणली, एवढंच. त्यांची काळजी खरी आहे. १९९५ च्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या साधारण सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत शंभरात एकालाही नाही. पण त्याच चाचणीत तीन महिन्यांनी पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहिलेले इंजेक्शनवालेच जास्त होते, आणि मृत्यू वाढले नव्हते. हे मेसेजमध्ये का नाही?

आमच्या मजल्यावरच्या काकांच्या हातातून चहाचा कप सुटला, तोंड वाकडं झालं. काकू म्हणाल्या, ‘जरा पडू दे त्यांना.’ तसं करू नका हो! हे इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेलंच हॉस्पिटल गाठा.