अकरा महिने आणि लोखंडी कपाट

घर बदललं. लग्नानंतर चौथ्यांदा, आणि चारही वेळा मे महिन्यातच. परभणीत किरायानं राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, गणितच तसं आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणून शाळेच्या तोंडावर घर धरायचं. अकरा महिन्यांचा करार करायचा. तो पुढच्या वर्षी बरोब्बर मेच्या मध्याला संपतो. नोकरदारांचं तर बघायलाच नको, बदल्यांचा २००५ चा कायदाच सांगतो की सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये करा. त्यामुळं ज्या दिवसांत कुत्रं सावली सोडत नाही, नेमक्या त्याच दिवसांत अर्धा गाव टेम्पो शोधत फिरतो.

बरं, हे अकराचं खूळ तरी कशाला? वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, या हिशोबानं ते आलं. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. कारण कधीच गेलं, आकडा तेवढा राहिला.

तर १४ मे. टेम्पो सहाला बोलावला होता, साडेसहाला आला. तिघं हमाल, हाताला वेगवान. साडेआठला सगळं सामान भरून तयार. तेवढ्यात जुने घरमालक आले आणि भिंतीतल्या खिळ्यांची भोकं मोजायला लागले. डिपॉझिटमधून भोकामागं पन्नास रुपये. एक भोक आमच्या आधीच्या भाडेकरूचं होतं, त्यावर वीस मिनिटं गेली. तिथून निघायलाच सव्वादहा वाजले.

खरा उशीर पुढं झाला, आणि तो आमचाच. सासूबाईंनी अभिजित मुहूर्त धरला होता. आधी देव, मग दूध उतू घालायचं, त्याशिवाय सामान आत जाणार नाही. अभिजित म्हणजे ऐन दुपार, बाराच्या आसपासचा पाऊण तास. पंचांग पावसापाण्याचं बघतं, पण हमालाच्या डोक्यावरचं ऊन काही बघत नाही. टेम्पो नव्या घरापुढं तासभर उन्हात उभा. जवळपास झाड नाही. तिघं टेम्पोच्या सावलीत उकिडवे बसलेले, आणि ती सावली मिनिटामिनिटाला चाकाखाली सरकत चाललेली. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. नवराही बोलला नाही. नव्या घरात पहिल्याच दिवशी भांडण नको, हा आमचा शहाणपणा.

बाराला दूध उतू गेलं आणि कपाट उतरवायला घेतलं. त्यातल्या पोरसवदा हमालानं पत्र्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. “ताई, तवा झालाय हा.” मग तरट भिजवून आणलं, ते कपाटाला गुंडाळलं आणि तिघांनी उचललं. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं आणि नेमके त्याच वेळी त्या पोराच्या पोटरीत गोळे आले. खाली ठेवायला जागा नाही, सोडलं तर खालचा माणूस चिरडणार. दात आवळून, एका पायावर, कपाळ पत्र्याला टेकवून तो उभा होता. तरट तोवर खडखडीत वाळलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या मावशी धावत आल्या. मी सकाळपासून त्याला थंडगार पाणीच पाजत होते आणि मनात म्हणत होते, किती काळजी घेतोय आपण. मावशींनी मीठ घातलेलं ताक दिलं आणि मला झापलं, “घामावाटं मीठ जातंय त्याचं, नुसतं पाणी काय पाजू लालाव?” खरंय. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एवढं मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. त्या दिवशी साखरमिठाचे डबे कुठल्या खोक्यात होते देव जाणे. (खिशात कांदा मात्र तिघांच्याही होता.)

दुसऱ्या दिवशी पेपरात कृषी विद्यापीठाची नोंद आली, त्रेचाळीसच्या पुढं. ती नोंद सावलीतली, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाची. टेम्पोतल्या पत्र्याची नोंद कुणी ठेवत नाही.

आणि हो, या सगळ्या सामान हलवण्याचे साडेतीन हजार सांगितले होते, आम्ही घासाघीस करून तीन हजारांवर आणले होते. माझं म्हणणं आता एवढंच आहे: मेमध्ये घर बदलायचं तर दोन सकाळी लावा आणि पैसे दोन दिवसांचे द्या. दहानंतर कुणालाही काही उचलायला लावू नका. दूध पहाटे सहालाही उतू जातं. दोन दिवसांचा टेम्पो परवडत नाही म्हणणाऱ्यांनी फॉल्स सीलिंगला किती घातले ते आधी सांगावं.

पाण्याची तर वेगळीच गंमत. जुन्या घरी आदल्याच दिवशी नळ येऊन गेलेला, दोन ड्रम काठोकाठ. मेमध्ये पाणी ओतून द्यायला हात धजत नाही. शेजारणीला म्हटलं घे, तर ती बिचारी बादल्या, घागरी, कुकर, शेवटी पिठाचा रिकामा डबासुद्धा घेऊन आली. नव्या घरी कळलं, इथला नळ कालच येऊन गेला, आता आठ दिवसांनी. पहिल्या रात्री जारच्या पाण्यानं भांडी घासली. वर स्लॅब असा तापलेला की रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. गावाकडचं माळवदाचं घर आठवलं, पण ते पाडून तिथंही आम्हीच स्लॅब टाकलाय.

यंदा करार अठरा महिन्यांचा करून घेतला. १५ मेपासून, म्हणजे पुढच्या वर्षी नोव्हेंबरात संपेल. नवे घरमालक दोनदा विचारत होते, “अकराच करा ना, अठराच कशाला?” मी म्हटलं, आमच्याकडं एक लोखंडी कपाट आहे.